विश्लेषण : डिजिटल भारताचे रस्ते कोणाच्या सल्ल्याने आखले जातात? सल्लागार समित्यांचा अनुभव काय सांगतो?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) नियमनासाठी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात नव्या कायद्याची घाई नको, असे म्हटले आहे. मात्र सरकारला दिशा देण्यासाठी एक आंतरमंत्रालयीन गट आणि त्याला सल्ला देणारी तज्ज्ञ समिती असावी, अशी शिफारस आहे. इंटरनेट, ब्रॉडबँड, जीएसटीचे संगणकीय जाळे, डेटा संरक्षण अशा प्रत्येक टप्प्यावर सरकारने आधी एखादी समिती नेमली आणि मग पुढचे पाऊल टाकले. यातील काही समित्यांनी देशाचे चित्र पालटले, तर काहींचे अहवाल कपाटात राहिले. असे का घडते? समितीत कोण बसतो, यावर सामान्य माणसाचे काय अवलंबून असते?

सल्लागार मंडळांची गरज का भासते?

माहितीच्या पायाभूत सुविधा म्हणजे फक्त केबल आणि मनोरे नव्हेत. डेटा साठवणारी केंद्रे, ओळख पटवणारी यंत्रणा, पैशांची देवाणघेवाण करणारे जाळे आणि या सगळ्याचे नियमही त्यात येतात. हे काम कोणत्याही एका खात्याचे नसते. केबल टाकायची दूरसंचार विभागाने, ती ज्या रस्त्याकडेने जाते तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा, खांब वीज कंपनीचा आणि शेवटचे टोक ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. शिवाय तंत्रज्ञान इतक्या वेगाने बदलते, की सरकारी यंत्रणेतील ज्ञान अनेकदा मागे पडते. म्हणून उद्योग, विद्यापीठे आणि समाजातील जाणकारांना एकत्र बसवून सल्ला घेतला जातो. या मंडळांना निर्णयाचा अधिकार नसतो. पण निर्णयाचा पहिला मसुदा तेथेच तयार होतो आणि नंतरची चर्चा बहुतेक वेळा त्याच चौकटीत फिरते. त्यामुळे अधिकार नसला, तरी त्यांचे वजन मोठे असते.

अमेरिकेने १९९३ मध्ये काय केले?

‘माहितीचा महामार्ग’ हा शब्द ज्या काळात सगळ्यांच्या तोंडी होता, तेव्हाचे हे उदाहरण आजही अभ्यासण्यासारखे आहे. १५ सप्टेंबर १९९३ रोजी तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका कार्यकारी आदेशाने राष्ट्रीय माहिती पायाभूत सुविधांसाठी सल्लागार परिषद स्थापन केली. रचना दुहेरी होती. सरकारच्या आत वाणिज्यमंत्री रॉन ब्राउन यांच्या अध्यक्षतेखाली विविध खात्यांचे कृती दल काम करत होते. सरकारबाहेरच्यांची परिषद त्या कृती दलाला सल्ला देणार होती. परिषदेच्या सहअध्यक्षपदी ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’चे प्रमुख डेलानो लुइस आणि ‘सिलिकॉन ग्राफिक्स’ या संगणक कंपनीचे प्रमुख एड मॅक्रॅकन होते, म्हणजे एक सार्वजनिक माध्यमाचा आणि दुसरा उद्योगाचा.

मूळ आदेशात २५ सदस्यांची मर्यादा होती, ती काही महिन्यांतच ३७ करण्यात आली. दूरध्वनी आणि संगणक उद्योगाबरोबरच कामगार संघटना, ग्रंथालय क्षेत्र, स्थानिक प्रशासन यांचे प्रतिनिधी आणि प्रत्यक्ष शाळेत शिकवणारी एक शिक्षिकाही परिषदेत होती. १९९६ च्या सुरुवातीला आलेल्या अंतिम अहवालांचा भर शाळा, ग्रंथालये आणि वस्तीपातळीवरील केंद्रे जोडण्यावर होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरसंचार कायदा झाला आणि त्याच्या आधारे शाळा-ग्रंथालयांना जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत देणारी ‘ई-रेट’ योजना आली. तिच्यासाठी वर्षाला कमाल सव्वादोन अब्ज डॉलरची मर्यादा ठेवली गेली. या साऱ्याचे श्रेय एकट्या परिषदेचे नाही. संसदेतील पाठपुरावा आणि राजकीय इच्छाशक्तीही त्यामागे होती. परंतु १९९४ मध्ये अमेरिकेतील ३५ टक्के सरकारी शाळांत इंटरनेट होते, ते २००० मध्ये ९८ टक्के शाळांत पोहोचले. शाळा हा विषय मुळात अजेंड्यावर आला, यात टेबलाभोवती कोण बसले होते याचा वाटा होताच.

तेथे समित्यांसाठी वेगळा कायदा आहे का?

होय. अमेरिकेत १९७२ पासून संघराज्याच्या सल्लागार समित्यांसाठी स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार समितीला लेखी सनद लागते. सदस्यांच्या मतांमध्ये समतोल असावा लागतो. बैठकीची सूचना आधी राजपत्रात द्यावी लागते आणि काही अपवाद वगळता बैठका लोकांसाठी खुल्या असतात. कागदपत्रे पाहता येतात. मुदतवाढ दिली नाही, तर दोन वर्षांत समिती आपोआप संपते. हितसंबंधी मंडळींनी बंद दाराआड सरकारचे कान भरू नयेत, हा त्यामागचा हेतू आहे.

युरोपने त्याच सुमारास वेगळी वाट धरली. युरोपीय आयुक्त मार्टिन बांगेमान यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय गटाने १९९४ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात उद्योगजगतातील बड्या व्यक्तींचा भरणा होता. दूरसंचारातील मक्तेदारी मोडा, बाजाराला पुढाकार घेऊ द्या, असे अहवालाचे सांगणे होते. दूरसंचार बाजार खुला होण्यास या अहवालाने गती दिली. मात्र कामगार, ग्राहक आणि सामाजिक समता हे प्रश्न मागे पडले, ही टीकाही झाली. थोडक्यात, पेरले तसे उगवले.

भारतातील पहिला मोठा प्रयोग कोणता?

भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम लिमिटेडच्या माध्यमातून. सुरुवातीची तीन वर्षे ही सेवा व्यवहारात सरकारी मक्तेदारीच राहिली. मे १९९८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी माहिती तंत्रज्ञान आणि सॉफ्टवेअर विकासासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. नियोजन आयोगाचे तत्कालीन उपाध्यक्ष जसवंत सिंह अध्यक्ष, तर आंध्र प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आणि शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन सहअध्यक्ष होते. या दलाने जुलैमध्येच १०८ शिफारशींचा पहिला कृती आराखडा दिला. तो सरकारने लगेच स्वीकारला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी इंटरनेट सेवा पुरवठादारांना दार उघडणारे धोरण आले.

हे इतक्या झपाट्याने कसे झाले? एक तर दल थेट पंतप्रधानांनी नेमलेले होते. दुसरे म्हणजे ज्यांना शिफारशी अमलात आणायच्या होत्या, तेच राजकीय नेतृत्व आणि राज्यांचे प्रतिनिधित्व दलात होते. तिसरे, काम नेमके आणि मुदत अगदी कमी होती. पुढे २००५ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय ज्ञान आयोग आला. त्याने सुमारे ३०० शिफारशी केल्या. त्यातील देशभरातील विद्यापीठे आणि संशोधन संस्था वेगवान जाळ्याने जोडण्याच्या शिफारशीतून राष्ट्रीय ज्ञान जाळे उभे राहिले. त्यासाठी मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपये मंजूर झाले. उच्च शिक्षणाच्या फेररचनेबाबतच्या अनेक शिफारशी मात्र मंत्रालयांच्या मतभेदांत अडकल्या. तांत्रिक सल्ला लवकर पचतो आणि अधिकारांची फेरवाटणी सुचवणारा सल्ला घशात अडकतो, हा धडा तेव्हाच मिळाला.

‘भारतनेट’च्या बाबतीत काय झाले?

सल्ला उशिरा घेतला तर काय होते, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. सुमारे २० हजार कोटी रुपयांत अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या आणि तेही दोन वर्षांत, असा इरादा होता. काम तीन केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांकडे सोपवले गेले. खोदकामाच्या परवानग्या, ग्रामपंचायतीतील जागा आणि वीज, देखभालीची माणसे हे सारे राज्यांच्या आणि स्थानिक संस्थांच्या हाती होते. आखणीत मात्र त्यांना फारसे स्थान नव्हते. काम रखडले.

मग जे. सत्यनारायण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च २०१५ मध्ये तिने अहवाल दिला. राज्यांना अंमलबजावणीत भागीदार करा, खर्चाचा अंदाज ७२,७७८ कोटी रुपयांवर न्या आणि जाळे ‘रिंग’ पद्धतीने उभारा, असे तिने सुचवले. सरळ रेषेत टाकलेली केबल रस्त्याच्या कामात जेसीबीने एका ठिकाणी तोडली, की पुढची सगळी गावे बंद पडतात. रिंग असेल तर जोडणी दुसऱ्या बाजूने सुरू राहते. योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले. दुसऱ्या टप्प्यात आठ राज्यांनी स्वतः काम हाती घेतले. त्यात महाराष्ट्राचा ‘महानेट’ प्रकल्प होता. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, यावरून कामाचा पसारा लक्षात येतो.

तरीही दुरुस्तीचा मोठा निर्णय व्हायला आणखी आठ वर्षे गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. संपूर्ण जाळे रिंग पद्धतीवर नेणे आणि दहा वर्षांची देखभाल या गोष्टी त्यात केंद्रस्थानी आल्या. सुमारे २.१४ लाख ग्रामपंचायतींपर्यंत जोडणी पोहोचल्याचे सरकारी आकडे सांगतात. मात्र जोडणी पोहोचणे आणि ती रोज चालणे यांत अंतर आहे. ग्रामपंचायतीच्या कपाटात पेटी आहे, पण दाखला काढायला तालुक्याला जावे लागते, ही तक्रार ग्रामीण भागाला नवी नाही. जो प्रश्न एखाद्या ग्रामसेवकाने किंवा राज्याच्या अभियंत्याने पहिल्याच बैठकीत विचारला असता, त्याचे उत्तर शोधायला एक तप लागले.

सल्ला अमलात आला आणि मग बदललाही, असे कुठे घडले?

वस्तू आणि सेवा कराच्या (जीएसटी) संगणकीय जाळ्याबाबत. २०१० च्या अर्थसंकल्पातील घोषणेनुसार नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली विशेष प्रकल्पांसाठीचा तंत्रज्ञान सल्लागार गट स्थापन झाला. जानेवारी २०११ च्या अहवालात त्याने ‘राष्ट्रीय माहिती उपयुक्तता कंपनी’ ही कल्पना मांडली. सरकारी खात्याला चांगले तंत्रज्ञ मिळत नाहीत आणि टिकत नाहीत. म्हणून सार्वजनिक हेतूने चालणाऱ्या, पण खासगी मालकी किमान ५१ टक्के असलेल्या कंपन्यांनी ही यंत्रणा चालवावी आणि धोरणात्मक नियंत्रण सरकारने आपल्याकडे ठेवावे, असा तर्क होता.

त्याच धर्तीवर २०१३ मध्ये ‘जीएसटीएन’ ही कंपनी आली. केंद्राचा २४.५ टक्के, राज्यांचा मिळून २४.५ टक्के आणि उरलेला ५१ टक्के वाटा बिगरसरकारी वित्तसंस्थांचा. देशातील प्रत्येक व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीची नोंद ज्या यंत्रणेत जाणार, तिची बहुसंख्य मालकी सरकारबाहेर का, असा सवाल संसदेत आणि बाहेर विचारला गेला. राज्यसभेच्या निवड समितीनेही बिगरसरकारी हिस्सा सार्वजनिक क्षेत्रातील बँका आणि वित्तसंस्थांपुरता मर्यादित ठेवण्याची शिफारस केली. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने ही कंपनी संपूर्ण सरकारी, म्हणजे निम्मी केंद्राची आणि निम्मी राज्यांची, करण्याचा निर्णय घेतला. गटाने मांडलेली अडचण खरी होती. उत्तराला मात्र राजकीय मान्यता मिळवलेली नव्हती. डेटा कोणाच्या ताब्यात असावा हा प्रश्न तांत्रिक नसून लोकशाहीचा आहे, हे यातून पुढे आले.

डेटा संरक्षणाच्या समित्यांचे काय झाले?

जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने श्वेतपत्रिका काढली, मुंबईसह चार शहरांत खुल्या चर्चा घेतल्या आणि जुलै २०१८ मध्ये विधेयकाच्या मसुद्यासह अहवाल दिला. सदस्यांची असहमतीची टिपणेही अहवालाला जोडली. मात्र लोकांनी आणि कंपन्यांनी समितीला दिलेली निवेदने जाहीर झाली नाहीत. कोणाचे म्हणणे ऐकले गेले आणि कोणाचे नाही, हे त्यामुळे तपासता आले नाही.

पुढचा प्रवास लांबला. २०१९ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये नवा कायदा झाला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. श्रीकृष्ण समितीने स्वतंत्र प्राधिकरण सुचवले होते. प्रत्यक्ष कायद्यात सरकारने नेमलेले मंडळ आले, तेही मर्यादित अधिकारांचे. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही अधिक व्यापक झाली. हे बदल योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात. पण समितीचा सल्ला का नाकारला, याचे मुद्देसूद लेखी उत्तर सरकारने देणे बंधनकारक नव्हते, हा खरा मुद्दा आहे.

‘इन्फोसिस’चे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे उदाहरणही असेच. व्यक्तीची ओळख न सांगणारा डेटा कंपन्यांनी समाजासाठी खुला करावा का, यावर तिने २०२० मध्ये दोनदा मसुदा अहवाल दिला. नंतर सरकारने वेगळ्याच धोरणाचा मसुदा पुढे आणला आणि तो अहवाल मागे पडला.

‘ट्राय’ची पद्धत वेगळी का ठरते?

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ‘ट्राय’ हे नियामकही आहे आणि सल्लागारही. नवे परवाने देण्यासारख्या विषयांत सरकारने त्याची शिफारस मागवणे कायद्याने आवश्यक आहे. शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. पण ती मान्य नसेल, तर फेरविचारासाठी परत पाठवावी लागते आणि त्यावर ‘ट्राय’चे उत्तर घ्यावे लागते. कारभारात पारदर्शकता राखण्याचे बंधनही कायद्यातच आहे. त्यामुळे चर्चापत्र, त्यावरील मते, मग प्रतिमते आणि खुली बैठक असा क्रम रुळला. सगळी निवेदने संकेतस्थळावर येतात.

याचा प्रत्यय २०१५ मध्ये आला. इंटरनेटवरील सेवांच्या नियमनावरील चर्चापत्रावर दहा लाखांहून अधिक ई-मेल आले. पारदर्शकतेच्या भरात ‘ट्राय’ने पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसह ते प्रसिद्ध केले आणि टीका ओढवून घेतली. पण प्रक्रिया खुली असल्याने विषय घराघरांत पोहोचला. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘फेसबुक’ने आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या बाजूने लाखो ठोकळेबाज संदेश पाठवण्याची मोहीम राबवली. तेव्हा, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे न देता एका योजनेला पाठिंबा देणे म्हणजे सल्ला नव्हे, अशी भूमिका ‘ट्राय’ने घेतली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे इंटरनेट दर लावण्यास बंदी आली. डोकी मोजण्यापेक्षा मुद्दे तोलले गेले, हे या प्रक्रियेचे यश.

मंडळच बरखास्त केले तर?

सल्लागार मंडळाचे आयुष्य सरकारच्या मर्जीवर असले, तर काय होते याचे ताजे उदाहरणही अमेरिकेतलेच आहे. २०२१ च्या कार्यकारी आदेशानुसार तेथे सायबर सुरक्षा आढावा मंडळ स्थापन झाले. विमान अपघाताची चौकशी होते, तशी मोठ्या सायबर हल्ल्यांची चौकशी करून धडे जाहीर करणे हे त्याचे काम. सरकारी आणि खासगी तज्ज्ञ त्यात एकत्र होते. एप्रिल २०२४ मध्ये या मंडळाने ‘मायक्रोसॉफ्ट’च्या ई-मेल सेवेतील घुसखोरी टाळता आली असती, असा परखड निष्कर्ष काढला. अमेरिकी दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यात शिरलेल्या ‘सॉल्ट टायफून’ या हॅकर गटाचा तपास त्याच्याकडे सुरू होता. जानेवारी २०२५ मध्ये नवे प्रशासन आले आणि अंतर्गत सुरक्षा खात्याने आपल्या साऱ्या सल्लागार समित्यांवरील सदस्यत्वे रद्द केली. तपास अर्धवट राहिला. समित्यांसाठी कायदा असलेल्या देशातही ही वेळ येते, तर नुसत्या शासकीय आदेशावर उभ्या असलेल्या समित्यांची स्थिती किती नाजूक असेल, याची कल्पना येते.

‘एआय’च्या प्रस्तावित रचनेत काय आहे?

नोव्हेंबर २०२५ च्या तत्त्वांनुसार ‘एआय’ प्रशासन गट विविध मंत्रालये आणि नियामकांत समन्वय राखेल. तंत्रज्ञान आणि धोरणविषयक तज्ज्ञ समिती त्याला सल्ला देईल. ‘एआय’ सुरक्षा संस्था चाचण्या आणि जोखमींकडे लक्ष देईल. सरकारच्या आतील समन्वय आणि बाहेरील ज्ञान अशी ही दुहेरी रचना १९९३ च्या अमेरिकी रचनेशी बरीच मिळतीजुळती आहे. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये उपसमितीचा अहवाल लोकांच्या अभिप्रायासाठी खुला केला होता, ही चांगली बाब.

यात पणाला लागलेली रक्कम मोठी आहे. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘इंडिया एआय’ मोहिमेची तरतूद १०,३७१.९२ कोटी रुपये आहे. ‘एआय’साठी लागणारी महागडी संगणन क्षमता सवलतीत कोणाला मिळणार, कोणत्या भाषांची प्रारूपे आधी बनणार, सरकारी डेटा कोणत्या अटींवर खुला होणार, हे निर्णय या रचनेभोवतीच होतील.

महाराष्ट्राचा संबंध थेट आहे. राज्याने जून २०२५ मध्ये ‘महाकृषी-एआय’ धोरण मंजूर केले, त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. ‘ॲग्रिस्टॅक’अंतर्गत शेतकऱ्यांना ओळख क्रमांक दिले जात आहेत आणि त्यामागे सातबारा, पीक आणि योजनांची माहिती एकत्र येत आहे. ज्यांच्या नावे हा डेटा जमा होतो, त्या शेतकऱ्यांचा प्रतिनिधी सल्ला देणाऱ्या समितीत असेल का? वाटणीचा वाद चालू असलेल्या जमिनीची, दुसऱ्याचे शेत कसणाऱ्या कुळाची किंवा सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतकरी महिलेची नोंद यंत्रणा कशी घेणार? हे प्रश्न तलाठ्याला आणि शेतकऱ्याला ठाऊक असतात. ते बैठकीत पोहोचले नाहीत, तर यंत्रणा उभी राहिल्यावर तक्रारीच्या रूपाने पुढे येतात आणि तेव्हा दुरुस्ती महाग पडते.

मग चांगल्या मंडळाचे निकष कोणते?

आतापर्यंतच्या अनुभवातून पाच गोष्टी निघतात. पहिली, काम नेमके हवे आणि मुदत ठरलेली हवी. दुसरी, जे यंत्रणा बांधणार, जे चालवणार आणि ज्यांच्यावर तिचा परिणाम होणार, या तिघांनाही जागा हवी. केवळ दिल्ली-बेंगळूरुतील नामवंतांची यादी पुरेशी नाही. तिसरी, सदस्यांचे आर्थिक हितसंबंध जाहीर व्हायला हवेत. उद्योगातील जाणकार टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत, पण कोण कोणत्या बाजूने बोलत आहे, हे लोकांना कळले पाहिजे. चौथी, निवेदने आणि बैठकांचे इतिवृत्त खुले हवे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, शिफारशींवर सरकारने ठरावीक काळात लेखी उत्तर द्यायला हवे.

यातील शेवटची अपेक्षा अवाजवी नाही. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालील आयोगाचा अहवाल कृती अहवालासह सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. नव्या कायद्यांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवण्याचे केंद्राचे धोरणही २०१४ पासून आहे. तज्ज्ञ समित्यांना मात्र असा कोणताही समान नियम लागू नाही. प्रत्येक मंत्रालय आपापल्या सोयीने समिती नेमते, आपापल्या सोयीने अहवाल प्रसिद्ध करते किंवा करत नाही.

पुढे काय?

‘एआय’साठीच्या गटात आणि समितीत कोणाची नावे येतात, बैठकांचे तपशील बाहेर येतात का आणि राज्यांना किती स्थान मिळते, याकडे लक्ष ठेवावे लागेल. १९९८ च्या कृती दलाच्या काळात इंटरनेट वापरणारे मूठभर होते. चुकीच्या सल्ल्याची झळ तेव्हा फार जणांना बसली नसती. आज रेशन, पीक विमा, पेन्शन, शिष्यवृत्ती या सगळ्याची वाट याच डिजिटल रस्त्यांवरून जाते. बोटाचा ठसा न जुळल्याने रेशन दुकानातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या वृद्धेला समितीचे नाव माहीत नसते. तिची अडचण मात्र बहुधा अशाच एखाद्या बैठकीत कोणी न विचारलेल्या प्रश्नातून जन्मलेली असते.